तापाच्या रकान्याबाहेर

मेहकराहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, बिबी मागे पडल्यानंतर आणि सिंदखेडराजा येण्यापूर्वी, दुसरबीड लागते. वऱ्हाडची काळी जमीन येथून पुढे मराठवाड्याच्या मुलखात मिसळू लागते. आणि जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे ज्या गावाचे नाव एके काळी जिल्ह्याबाहेरही पोहोचले, त्या गावातील बालकांच्या आजारांचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर त्याला आरंभी कोतवालाच्या वहीकडेच वळावे लागेल. १८५३ च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि पुढे इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याचा शिरस्ता पडला. महसुली दफ्तरात जी गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते आणि जातीच्या दाखल्यांसाठी जिची जीर्ण पाने अलीकडे फार चाळली जातात, तीच ही वही. मृत्यूचे कारण लिहिण्याची तरतूद ह्या नोंदींत होती. परंतु सरकारने मान्य केलेली कारणे मोजकीच होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, आणि राहिलेले सारे ‘इतर’ ह्या सदराखाली.

ह्या सर्वांत भरगच्च रकाना तापाचा. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, गोवरानंतर खंगून गेलेली मुले, बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रिया, असे शेकडो निरनिराळ्या वाटांनी आलेले मृत्यू त्या एका शब्दापाशी येऊन थांबत. १९१८ साली इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत व वऱ्हाडात जो हाहाकार उडविला, आणि ज्यामुळे हिंदुस्थानातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत ह्या प्रांताची गणना झाली, त्या साथीतले मृत्यूही बहुतांशी तापाच्याच सदरात जमा झाले. ह्यात कोतवालाचा काही अपराध नव्हता. तो वैद्य नव्हता, आणि ज्यांनी त्याला ती वही दिली त्यांनाही ह्याहून बारीक तपशिलाची अपेक्षा नव्हती. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की आजार हा दफ्तरात आपोआप उतरत नाही. कोणीतरी चिकाटीच्या माणसाने त्याला इतर तापांपासून वेगळा काढून पाहावा लागतो, आणि परिचित नावांपैकी एकही त्याला लागू पडत नाही हे कबूल करण्याचे धैर्य दाखवावे लागते. बालकांच्या रक्तवाहिन्यांना दाह उत्पन्न करणारा कावासाकी रोग हा अशा रीतीने तापाच्या रकान्यातून बाहेर काढला गेलेला आजार आहे, आणि त्याची हकीकत आपल्या वऱ्हाडापासून फार दूर, टोकियो शहरात, सुरू होते.

तोमिसाकु कावासाकी ह्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२५ रोजी टोकियोच्या असाकुसा भागात झाला. आईची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. ती त्यांनी पूर्ण केली, १९४८ साली चिबा येथून वैद्यकाची पदवी घेतली, आणि १९५० पासून टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयाच्या बालरोग विभागात जी नोकरी धरली ती पुढे चाळीस वर्षे. विद्यापीठातील प्राध्यापकपद, परदेशातील शिक्षण, मोठी प्रयोगशाळा ह्यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आलेले नव्हते. रोजच्या रोज येणारी आजारी मुले तपासावयाची, त्यांच्या नोंदी ठेवावयाच्या, आणि ज्यांना दुधाची ॲलर्जी असे अशा तान्ह्या मुलांचा थोडाफार अभ्यास करावयाचा, असे त्यांचे दहा वर्षांचे आयुष्य होते.

१९६१ च्या जानेवारीत सव्वाचार वर्षांचा एक मुलगा त्यांच्या रुग्णालयात दाखल झाला. ताप काही केल्या उतरत नव्हता. डोळे लाल होते. ओठ सुकून, फुटून रक्ताळलेले होते. अंगावर पुरळ होते. मानेला एका बाजूस गाठ आली होती. तळहात आणि तळपाय सुजून लाल झाले होते. आणि दिवसांमागून दिवस गेल्यावर ताप आपोआप ओसरला तेव्हा बोटांच्या टोकांची कातडी नखांच्या कडेपासून सुटून निघू लागली. लोहितज्वर म्हणावा, तर त्याचे जंतू सापडत नव्हते आणि पेनिसिलीनचा काही परिणाम होत नव्हता. औषधाने उठणाऱ्या गंभीर पुरळाचा प्रकार म्हणावा, तर त्वचेवर फोड नव्हते. मुलगा बरा होऊन घरी गेला, आणि कावासाकींनी निदानाच्या जागी कोणतेही सोयीचे नाव न लिहिता निदान अनिश्चित असल्याचेच नमूद केले.

ह्या एका कृतीत पुढचे सर्व काही सामावले आहे असे मला वाटते. त्या दिवशी त्यांनी लोहितज्वर असे लिहून कागद बाजूस सारला असता, तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. वरिष्ठ समाधान पावले असते, आईवडिलांनाही एक नाव मिळाले असते, आणि वर्षभरानंतर, १९६२ च्या फेब्रुवारीत, रक्तात जंतुदोष झाल्याच्या संशयाने दुसरे मूल दाखल झाले तेव्हा त्याला पाहून पहिल्या मुलाची आठवण होण्याचे काही कारणच उरले नसते. नाव न दिल्यामुळे तो प्रश्न त्यांच्या मनात उघडा राहिला होता. दुसरे मूल पाहताच त्यांनी ओळखले, की हे तेच आहे.

त्याच वर्षी त्यांनी सात मुलांची हकीकत चिबा येथील बालरोगतज्ज्ञांच्या सभेत सादर केली. श्रोत्यांवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. जुन्याच एखाद्या रोगाचा हा थोडा निराळा अवतार असावा, त्यासाठी नव्या नावाची आवश्यकता काय, असा विद्वज्जनांचा कल होता, आणि एका रुग्णालयातील साध्या बालवैद्याच्या शब्दाला तेथे फारसे वजनही नव्हते. कावासाकींनी वाद घातला नाही. ते मुले मोजीत राहिले. सहा वर्षांत पन्नास मुले झाली, आणि १९६७ साली जपानी भाषेतील ॲलर्जीविषयक नियतकालिकात त्यांचा चव्वेचाळीस पानांचा लेख प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाचे वय, तापाचा प्रत्येक दिवस, कोणते लक्षण केव्हा आले आणि केव्हा गेले, ह्यांचा इतका सूक्ष्म तपशील त्यात आहे, की रुग्णाचे वर्णन कसे लिहावे ह्याचा नमुना म्हणून तो लेख पुढे वाखाणला गेला. साठ वर्षांनंतरही ह्या रोगाची ओळख पटविणारी एकही खात्रीची रक्ततपासणी उपलब्ध नाही, आणि निदान करावयाचे ते त्याच लक्षणांवरून. म्हणून ती लक्षणे येथे सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

पहिले लक्षण ताप. तो एकाएकी चढतो, १०२–१०४ अंशांपर्यंत जातो, पाच दिवस उलटले तरी हटत नाही, आणि जंतुनाशक औषधांना दाद देत नाही. मूल अत्यंत चिडचिडे होते. आईच्या कडेवरही ते शांत राहत नाही, आणि ही न शमणारी किरकिर, पुस्तकातील मुख्य लक्षणांच्या यादीत नसली तरी, अनुभवी बालरोगतज्ज्ञाला सावध करते. दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो. पण डोळ्यांतून पू वा चिपडे येत नाहीत, आणि बारकाईने पाहिल्यास बुबुळाभोवती एक अरुंद कडे तेवढे पांढरे राहिलेले दिसते. ओठ लालभडक होऊन सुकतात, भेगाळतात. जिभेवरचे अंकुर उठून येतात आणि ती स्ट्रॉबेरीच्या फळासारखी दिसू लागते. घसा लाल होतो. अंगावर पुरळ उठते, त्याला ठराविक रूप नसते, मात्र पाण्याने भरलेले फोड येत नाहीत. तान्ह्या मुलांत ते जांघेत आणि लंगोटाच्या जागी अधिक असते, आणि तेथील कातडी पहिल्याच आठवड्यात सुटू लागते. हातापायांचे तळवे लाल होऊन सुजतात, मूल बोट लावू देत नाही, पायावर उभे राहत नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांच्या कडेपासून साल निघते. मानेला, बहुधा एकाच बाजूस, दीड सेंटिमीटर वा त्याहून मोठी गाठ येते. मोठ्या मुलांत कधी कधी हेच लक्षण सर्वांत पुढे असल्यामुळे गळू समजून चिरा देण्यापर्यंत मजल जाते.

पुढे ह्या रोगासाठी नेमलेल्या जपानी संशोधन समितीने तापासह सहा लक्षणे धरून त्यांपैकी पाच असावीत असा दंडक घातला. अमेरिकेत पाच दिवसांचा ताप अनिवार्य मानून उरलेल्या पाचांपैकी चार असावीत असे ठरले. परंतु ह्या मोजणीत एक मोठी अडचण आहे, आणि अनेक मुलांचे निदान तिच्यापायीच चुकते. ही लक्षणे एकाच दिवशी एकत्र येऊन उभी राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी लाल झालेले डोळे पाचव्या दिवशी निवळलेले असतात; तिसऱ्या दिवशीचे पुरळ रातोरात मावळते; ज्या दिवशी मूल डॉक्टरांसमोर येते त्या दिवशी कदाचित फुटलेले ओठ आणि सुजलेले पाय एवढेच शिल्लक असते. अशा वेळी जे दिसून गेले त्याची साक्ष मुलाच्या आईवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही. कावासाकींच्या लेखाचे सामर्थ्य दिवसवार नोंदीत होते, आणि ह्या रोगाचे निदान आजही त्या दिवसवार नोंदीवरच उभे आहे.

आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. जन्मतःच डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजी लशीचा व्रण ह्या आजारात एकाएकी लाल होतो, सुजतो, क्वचित त्यावर खपलीही धरते. जेथे ही लस सार्वत्रिक नाही अशा देशांतील डॉक्टरांना ही खूण पाहावयास मिळत नाही. आपल्याकडे मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाच्या दंडावर तो व्रण असतो, आणि सदरा वर करून पाहण्यास काही खर्च येत नाही.

आता हृदयाची हकीकत सांगावयास हवी. कारण त्वचेची आणि ओठांची ही सर्व लक्षणे आपोआप बरी होणारी आहेत, आणि एवढ्यावरच भागले असते तर ह्या आजाराची वार्ता जपानबाहेर फारशी गेलीही नसती. स्वतः कावासाकींचे १९६७ च्या लेखातील मत असे होते, की हा विकार मागे काही दोष न ठेवता बरा होतो. ज्या डोळ्यांनी बाकीचे सर्व इतक्या सूक्ष्मतेने टिपले, त्यांना हृदय दिसले नाही. ते इतरांना दिसले. त्यांच्याच रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ नोबोरू तानाका ह्यांना १९६५ साली, ह्या आजारानंतर अकस्मात मरण पावलेल्या एका मुलाच्या शवचिकित्सेत, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी आढळली होती. टोकियोच्याच सेंट ल्यूक रुग्णालयातील ताकाजिरो यामामोतो ह्यांनी १९६८ साली तेवीस मुलांचा वृत्तान्त दिला, त्यांतील अकरा मुलांच्या हृदयाचे विद्युत्-आलेख सदोष होते. तरीही हा आजार आणि हृदयाची विकृती ह्यांचा संबंध मान्य होईना.

मग १९७० साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या साह्याने फुमिओ कोसाकी ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक संशोधन समिती नेमली गेली. तिने लक्षणांची सचित्र पुस्तिका तयार करून देशभरच्या मोठ्या रुग्णालयांना पाठविली आणि त्यांच्या दफ्तरांतून अशा मुलांची माहिती मागविली. उत्तरे आली, आणि त्यांत दहा मुलांच्या शवचिकित्सेचे वृत्तान्त होते: हृदयविकाराने अकस्मात ओढवलेला मृत्यू, आणि हृदयधमन्यांत फुगवटे व गुठळ्या. एकेका रुग्णालयाच्या कपाटात एकेक कागद म्हणून जे निरर्थक पडून राहिले होते, ते एका ठिकाणी आल्याबरोबर बोलू लागले. कावासाकींनी आपले जुने मत धरून ठेवले नाही. १९७४ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा इंग्रजी लेख अमेरिकेच्या ‘पीडिॲट्रिक्स’ नियतकालिकात आला, आणि त्यात ह्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष जगापुढे ठेवला गेला. तेव्हापासून जपानात दर दोन वर्षांनी अशी पाहणी होत आली आहे. एखाद्या बालरोगाची इतकी अखंड राष्ट्रीय नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल.

धमनीत घडते ते असे. मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतीत दाह उत्पन्न होतो. भिंतीला लवचिकपणा देणारा थर तुटतो. दुबळी झालेली भिंत रक्ताच्या दाबाखाली फुगते. त्या फुगवट्यात रक्त संथ होते. नेमक्या ह्याच काळात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रक्तातील प्लेटलेट अतोनात वाढतात, आणि गुठळी होण्यास सर्व सामग्री जुळून येते. बोटांची साले निघत असतात, ताप गेलेला असतो, घरची मंडळी निःश्वास टाकतात, आणि तेच दिवस हृदयाला सर्वांत धोक्याचे असतात. कुरुमे येथील हिरोहिसा कातो ह्यांनी बऱ्या झालेल्या वीस मुलांच्या हृदयधमन्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत विकृती आढळली. पुढे मोठ्या संख्येने तपासणी होऊ लागल्यावर, उपचार न मिळालेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे चौथाई असल्याचे स्थिर झाले.

ह्याच सुमारास हवाई बेटांत मॅरियन मेलिश आणि रॅकेल हिक्स ह्या बालरोगतज्ज्ञ स्त्रियांनी स्वतंत्रपणे हीच लक्षणे टिपली होती. जपानशी परिचय असलेल्या युनिस लार्सन ह्या विकृतिशास्त्रज्ञ विदुषीने हवाईतील एका जुन्या शवचिकित्सेचे निदान मागाहून हेच ठरविले. आणि लॉस एंजेलिसच्या बेंजामिन लँडिंग ह्यांच्यासह १९७७ साली दाखवून दिले, की पाश्चात्त्य ग्रंथांत तान्ह्या मुलांचा धमनीदाह म्हणून जो दुर्मीळ व प्राणघातक विकार वर्णिला होता, त्यातील धमन्या आणि ह्या रोगातील धमन्या ह्यांत भेद करता येत नाही. म्हणजे रोग नवा नव्हता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सॅम्युएल गी ह्यांनी १८७१ साली सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयधमन्यांतील फुगवट्यांचे वर्णन करून ठेवले होते, आणि ते हृदय तेथील संग्रहालयात जतन झाले होते. नव्वद वर्षे तो नमुना काचेच्या भांड्यात होता, आणि त्याचा अर्थ लावावयास लागणारी दुसरी बाजू, म्हणजे जिवंत मुलाच्या अंगावरची लक्षणे, कोणी एकत्र मांडलेली नव्हती. शवचिकित्सकांनी नुसते हृदय पाहिले आणि बालवैद्यांनी नुसता ताप पाहिला, असा हा दीर्घ काळ गेला.

उपचाराचा भाग थोडक्यात सांगतो. १९८४ साली जपानच्या फुरुशो ह्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, की निरोगी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले असता धमन्यांतील फुगवटे कमी होतात. अमेरिकेत जेन न्यूबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ह्याला पुष्टी दिली, आणि १९९१ साली वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम ह्या प्रमाणात एकच ठिबक देण्याची पद्धत रूढ केली, सोबत ॲस्पिरिन. दहा किलो वजनाच्या मुलास २० ग्रॅम औषध लागते, ते एकेका मात्रेसाठी हजाराहून अधिक दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते, आणि म्हणूनच ते महाग आहे. परंतु तापाच्या पहिल्या दहा दिवसांत ते दिले, तर चौथाई मुलांना होणारा धमनीविकार शंभरात सुमारे पाचांवर येतो. बालवैद्यकात इतका मोठा फरक पाडणारे उपचार बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

भारतातील पहिला वृत्तान्त १९७७ साली ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’मध्ये आला. त्यानंतर बराच काळ हा विकार परदेशी, पुस्तकी, परीक्षेपुरता लक्षात ठेवावयाचा असाच समज राहिला. तो मोडून काढण्याचे श्रेय चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावयास हवे. त्यांनी १९९४ पासून आपल्या रुग्णांची नोंद चिकाटीने ठेवली, आणि चंडीगढ शहरात पंधरा वर्षांखालील एक लाख मुलांमागे १९९४ साली ०.५१ असलेले प्रमाण २००७ साली ४.५४ झाल्याचे दाखविले. ह्या वाढीत रोगाचा वाटा किती आणि ओळखणाऱ्या डोळ्यांचा वाटा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. पण चंडीगढच्या हवेत असे काही आहे जे जालन्याच्या वा बुलढाण्याच्या हवेत नाही, असे मानावयास मला तरी आधार दिसत नाही. मुंबईत डॉ. राजू खुबचंदानी ह्यांनी बालसंधिवात आणि त्याच्याशी संबंधित दाहविकारांना वाहिलेली स्वतंत्र वैद्यकी उभी केली, ह्या रोगाच्या मुलांची नोंदवही ठेवली, आणि आपले रुग्ण इतर देशांतील रुग्णांपेक्षा वेगळे आहेत काय असा प्रश्न त्या नोंदींना विचारला. ज्या प्रश्नाला टोकियोत १९६१ साली आरंभ झाला, त्याची ही महाराष्ट्रातील वाट.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांपुढची अडचण टोकियोपेक्षा मोठी आहे, हेही मान्य केले पाहिजे. आमच्याकडे पुरळासह येणाऱ्या तापांची कमतरता नाही. गोवर घ्या: त्यातही ताप, लाल डोळे आणि पुरळ असतेच, परंतु गोवरात डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, खोकला असतो, आणि पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरते. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली आणि गोवर ओसरू लागला, तसतसे उरलेले पुरळी ताप अधिक स्पष्ट दिसू लागले. तरी २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराचा जो उद्रेक झाला, त्याने तो परिचित शत्रू गेलेला नाही ह्याची आठवण करून दिली. डेंगू घ्या: त्याची धास्ती एवढी आहे, की ताप म्हटला की घरातले प्रत्येक माणूस प्रथम ‘पेशी किती’ असे विचारते. पेशी उतरलेल्या दिसल्या तर डेंगू समजावयाचा, आणि भरपूर दिसल्या तर समाधान मानावयाचे, असा आता रिवाजच झाला आहे. कावासाकी रोगात दुसऱ्या आठवड्यानंतर पेशी चार-पाच लाखांवरून आठ-दहा लाखांपर्यंत चढतात, आणि ज्या अहवालाने भ्यावे त्याच अहवालाने घर निर्धास्त होते. पावसाळ्याच्या अखेरीस झुडपांतील किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असतो. आणि तीन दिवस जंतुनाशक औषध घेतल्यावर पुरळ उठले, तर ती औषधाची ॲलर्जी ठरते, औषध बदलले जाते, आणखी चार दिवस निघून जातात.

सहा महिन्यांखालील तान्ह्या मुलांची गोष्ट सर्वांत नाजूक. त्यांच्यात पुष्कळदा चार लक्षणे पुरी होत नाहीत. ताप आणि एखाद-दुसरी खूण एवढेच दिसते, आणि धमनीविकाराचा धोका मात्र त्यांनाच अधिक असतो. म्हणून कारण न सापडलेला ताप तान्ह्या मुलात सात दिवस टिकला, तर लक्षणे मोजीत न बसता रक्तातील दाहाच्या खुणा तपासाव्यात आणि हृदयाची इको तपासणी करावी, असे आताचे वैद्यकीय मत आहे.

२०२० च्या वसंतात ह्या जुन्या ज्ञानाला एक अकल्पित कसोटी लागली. इटलीतील बेर्गामो येथे, जेथे मागील पाच वर्षांत एकोणीस मुलांत कावासाकी रोगाचे निदान झाले होते, तेथे करोनाच्या लाटेत दोनच महिन्यांत दहा मुले तशाच लक्षणांनी आली. एप्रिलच्या अखेरीस लंडनहून इशारा आला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ह्या नव्या बहुअवयवी दाहाची व्याख्या जाहीर केली. मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याच वर्षी शहरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या तेवीस मुलांचा वृत्तान्त ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’मध्ये दिला, त्यांचे मध्यक वय सात वर्षांच्या थोडे वर होते आणि बहुतेकांना रक्तदाब कोसळून आघातावस्था आली होती. हा कावासाकी रोग नव्हता. ह्यातली मुले मोठी होती, पोटदुखी व उलट्या ठळक होत्या, प्लेटलेट वाढण्याऐवजी कमी होत्या. पण लाल कोरडे डोळे, फुटलेले ओठ, हातापायांची सूज आणि धोक्यात आलेले हृदय ह्यांची सांगड ज्या डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होती, त्यांनी तो नवा विकार काही दिवसांत ओळखला आणि तेच इम्युनोग्लोब्युलिन हाती घेतले. त्याच दिवसांत, ५ जून २०२० रोजी, पंचाण्णव वर्षांचे कावासाकी टोकियोत निवर्तले. निवृत्तीनंतर त्यांनी ह्या रोगाच्या संशोधनाचे केंद्र स्थापून पालकांच्या शंकांना उत्तरे देण्यात वर्षानुवर्षे घालविली होती. रोगाचे मूळ कारण मात्र त्यांच्या हयातीत सापडले नाही. कोणी विषाणू शोधला, कोणी आनुवंशिक दोष शोधला, मध्य आशियातून जपानकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचाही कोणी अभ्यास केला. उत्तर अद्याप कोणाच्या हाती लागलेले नाही.

दुसरबीडच्या मुलापुढे आज कोणता मार्ग आहे, हे पाहू. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासूनचे, अकोल्याचे २००२ चे. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाणा आणि जालना ही दोन्ही आहेत. म्हणजे बालरोगतज्ज्ञ आणि इको यंत्र ह्यांचे अंतर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहे. परंतु त्या मार्गाची पहिली पायरी गावातच आहे. मूल तेथपर्यंत पाठवावयाचे की तापाच्या औषधाची आणखी एक बाटली द्यावयाची, हा निर्णय तालुक्याच्या डॉक्टरांना आणि त्यांच्याही आधी घरच्या माणसांना घ्यावा लागतो. त्यांच्यापाशी सव्वाचार वर्षांच्या त्या मुलाला पाहताना कावासाकींपाशी होते त्यापेक्षा अधिक ज्ञान आहे. त्यांच्यापाशी नाव आहे, लक्षणांची यादी आहे आणि औषधही आहे. कमी आहे तो वेळ.

म्हणून दुसरबीडच्या आणि पंचक्रोशीतील आईबापांना, आशाताईंना आणि डॉक्टरबंधूंना माझी विनंती आहे. मुलाच्या तापाचा पहिला दिवस कोणता, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डोळे लाल झाले, पुरळ उठले, ओठ फुटले, की त्या त्या दिवशी मोबाइलवर छायाचित्र घ्या, कारण दोन दिवसांनी ते दिसेलच असे नाही. आणि ती सर्व छायाचित्रे डॉक्टरांना दाखवा. दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहा. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका. पाच दिवसांत ताप उतरला नाही आणि ह्यांतली एखादी-दुसरी खूण जरी दिसली, तरी दहावा दिवस उजाडण्यापूर्वी मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या, आणि हा कावासाकी तर नसेल ना, हृदयाची इको करावी काय, हे त्यांना स्वतः होऊन विचारा.